उतार सोपा, उंची अवघड

"डॉक्टर, या वयात स्कीइंग?" गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला दवाखान्यात, लग्नसमारंभात आणि भाजीमंडईतही विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांच्या स्वरात कौतुक कमी आणि काळजी अधिक असते. त्यांची काळजी रास्त आहे. वय चौपन्न, गेली सहा वर्षे रक्तदाबाची गोळी चालू, आणि राहणे साताऱ्यात, जिथे बर्फ फक्त रसवंतीगृहात दिसतो. अशा माणसाने दोन पट्ट्या पायांना बांधून डोंगरउतारावरून घसरत यावे, हे प्रथमदर्शनी शहाणपणाचे वाटत नाही.

परंतु मी अगदी नवशिक्या नव्हतो. एक्कावन्नाव्या वर्षी गुलमर्गला स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम केला आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाऊन त्याचा दुसरा टप्पा पूर्ण केला. त्यामुळे हव्या त्या ठिकाणी थांबणे, डावी-उजवी वळणे घेणे, पडल्यावर स्वतःचे स्वतः उठणे, एवढे जमू लागले होते. ज्यांना इंग्रजीत 'इंटरमीडिएट' म्हणतात, त्या मधल्या वर्गाच्या पहिल्या बाकावर मी बसलो होतो, असे म्हणा. आमची कन्या शिक्षणासाठी इटलीतील तोरिनोला गेली आणि नोकरीनिमित्त तेथेच राहिली. गेल्या मार्चमध्ये तिने आम्हा उभयतांना बोलावले आणि आल्प्समधील चेर्विनिया या गावी आठवडाभर राहण्याचा बेत आखला. "बाबा, तिथले उतार तुमच्यासारख्यांसाठीच आहेत," असे तिचे म्हणणे होते. उतारांच्या बाबतीत तिचे म्हणणे खरे ठरले. माझी चूक झाली ती दुसऱ्याच ठिकाणी, आणि ती चूक वाचकांना सांगावी म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

कळसूबाईपेक्षा उंच गाव

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमांना टेकलेला आओस्ता खोऱ्याचा चिमुकला प्रांत आहे. तेथे इटालियन आणि फ्रेंच या दोन्ही भाषांना राजमान्यता आहे. या मुख्य खोऱ्यातून उत्तरेकडे फुटणाऱ्या वाल्तुर्नांश नावाच्या दरीच्या अगदी टोकाला, रस्ता जिथे संपतो तिथे, ब्रॉय-चेर्विनिया वसले आहे. गावाच्या माथ्यावर ४४७८ मीटर उंचीचे जे शिखर उभे आहे, त्याला जर्मन भाषक मॅटरहॉर्न म्हणतात आणि इटालियन लोक चेर्विनो. चॉकलेटच्या वेष्टनांमुळे त्याची स्वित्झर्लंडकडील बाजू जगाला ठाऊक आहे. इटलीकडून ते अधिक रुंद, अधिक खडबडीत आणि काहीसे उग्र दिसते. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहकारी स्वित्झर्लंडच्या बाजूने या शिखरावर प्रथम पोहोचले. उतरताना त्यांच्यातील चौघे कोसळून मरण पावले. तीनच दिवसांनी याच इटालियन दरीतील वाटाड्या जाँ-आंत्वान कारेल दुसऱ्या बाजूने वर पोहोचला. गावातून शिखराकडे पाहताना हा इतिहास डोळ्यांसमोर येतो आणि आपले घसरणे किती बाळबोध आहे याची जाणीव होते.

आता उंचीचा हिशेब पाहू. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. चेर्विनिया हे गावच २०५० मीटरवर आहे. म्हणजे आपण रात्री झोपतो तीच जागा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर उंच. गावातून रोपवेने निघाले की पहिला थांबा प्लां मेझाँ, सुमारे २५५० मीटरवर. पुढचा चिमे बियांके, सुमारे २८०० मीटरवर. तेथून मोठ्या केबल कारने प्लातो रोझा, ३४८० मीटरवर. हा शेवटचा आकडा आपल्याकडील वाचकांना ओळखीचा वाटेल, कारण लेह शहराची उंची जवळपास तेवढीच आहे. लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्या, असे आपण सर्वांना बजावतो. येथे मात्र न्याहारी करून निघालेला मनुष्य तासाभरात तितक्या उंचीवर पोहोचतो आणि लगेच व्यायामाला लागतो.

रंग काय सांगतात

स्कीइंगच्या नकाशावर प्रत्येक वाटेला एक क्रमांक आणि एक रंग असतो. इटलीत निळा रंग सोप्या वाटेचा, लाल मध्यम आणि काळा अवघड वाटेचा. आल्प्समध्ये सर्वसाधारण संकेत असा की निळ्या वाटेचा उतार २५ टक्क्यांच्या आत, तर लाल वाटेचा ४० टक्क्यांच्या आत असावा. मधले छोटे, मोकळे टप्पे तेवढे अपवाद. पंचवीस टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर पंचवीस मीटर खाली येणे.

चेर्विनियाचे वैशिष्ट्य असे की तेथील पुष्कळशा लाल वाटा या मर्यादेच्या सौम्य टोकाला आहेत. वाटा रुंद आहेत, दरीचा आकार पसरट आहे आणि रात्रभर यंत्रे फिरवून बर्फ विंचरल्यासारखा सारखा केलेला असतो. सकाळी त्यावर बारीक समांतर रेघा उमटलेल्या दिसतात. पहिल्या तासात त्या रेघांवरून पट्ट्या सरकताना जो खरखरीत, एकसुरी आवाज येतो, तो एकदा ऐकलेला मनुष्य विसरत नाही. ज्यांना वेगाची आणि थराराची हौस आहे ते या उतारांना कंटाळवाणे म्हणतात. पन्नाशीतल्या मध्यम विद्यार्थ्याला मात्र हे वरदान वाटते. वळण चुकले तरी सावरायला जागा असते आणि थांबायचे ठरवले तर थांबता येते.

परंतु रंग फक्त उताराचा तीव्रपणा सांगतो. वाट किती लांब आहे, किती उंचीवर आहे, सकाळी टणक असलेला बर्फ दुपारी ऊन लागून भुसभुशीत ढिगाऱ्यांत बदलला आहे का, ढग उतरले आहेत का, यांपैकी काहीही रंगावरून कळत नाही. चेर्विनियाचे बहुतेक उतार वृक्षरेषेच्या वर आहेत. ढगात सापडल्यावर पांढरी जमीन आणि पांढरे आकाश एक होऊन जाते, झाडांचा आधार नसल्याने उंचसखलपणा कळत नाही, आणि सोपी निळी वाटही आंधळ्या कोशिंबिरीसारखी होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या वाटेवर उतरणारा मनुष्य आज कसा आहे, हे रंगाला ठाऊक नसते.

खरे वजन, खरे वय

पहिल्या दिवशी सकाळी पट्ट्या आणि बूट भाड्याने घ्यायला दुकानात गेलो. तेथे एक अर्ज भरून घेतात. त्यात उंची, वजन, वय आणि कौशल्याची पातळी लिहायची असते. हा निव्वळ कागदी सोपस्कार नाही. बूट पट्टीला जोडणाऱ्या खटक्याला 'बाइंडिंग' म्हणतात. पडल्यावर किती जोराने पीळ बसला की बूट सुटायचा, ते या माहितीवरून आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून ठरते. खटका फार सैल असेल तर चालता चालता सुटेल. फार घट्ट असेल तर पडताना सुटणार नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येईल. वय पन्नास किंवा अधिक असेल तर प्रचलित तक्त्यानुसार खटका एक पायरी हलका ठेवतात.

मी वजन तीन किलो कमी लिहिले. कौशल्याच्या रकान्यात आक्रमक पद्धतीने उतरणाऱ्यांच्या चौकटीकडे माझे पेन वळू लागले, तेव्हा कन्येने हलकेच माझा हात धरला. दवाखान्यात वजनकाट्यावर उभे राहताना चप्पल काढून, श्वास रोखून उभे राहणाऱ्या रुग्णांना मी वर्षानुवर्षे हसत आलो आहे. मी अर्ज फाडला आणि दुसरा घेऊन खरा भरला. त्याच आठवड्यात आणखी एक खरे मी दडवणार होतो, हे त्या वेळी माहीत नव्हते.

पहिले दोन दिवस

पहिले दोन दिवस प्लां मेझाँच्या परिसरातील निळ्या वाटांवर काढले. एका प्रशिक्षकाची दोन तासांची शिकवणी घेतली. पाठीला बाक न देता गुडघे किंचित वाकवावेत, भार पायांच्या पुढच्या भागावर ठेवावा, नजर पट्ट्यांच्या टोकांवर न ठेवता पुढच्या वळणावर ठेवावी, हे धडे गुलमर्गला शिकलो होतो. ते पुन्हा गिरवले. दुसऱ्या दिवशी दुपारी चिमे बियांकेपर्यंत वर जाऊन एका सौम्य लाल वाटेने न पडता खाली आलो आणि मनोमन फार मोठा झालो.

या दोन दिवसांत शरीराने काही गोष्टी शिकवल्या. पहिली, मांड्यांची. अजिंक्यतारा चढताना दम लागतो आणि उतरताना मांड्या भरून येतात, हा आम्हा सातारकरांचा अनुभव. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना लांबत लांबत भार पेलावा लागतो, ब्रेकसारखे काम करावे लागते. अशा श्रमाची सवय नसेल तर स्नायूंना सूक्ष्म इजा होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका सर्वाधिक जाणवतो. स्कीइंग म्हणजे दिवसभर गड उतरणेच.

दुसरी, पाण्याची. थंडीत तहान जाणवत नाही. उंचीवरची हवा कोरडी असते, धापा टाकल्याने श्वासावाटे पाणी जाते आणि जाड कपड्यांआड आलेला घाम कळत नाही. दोन्ही दिवस मी संध्याकाळपर्यंत जेमतेम लिटरभर पाणी प्यालो असेन.

तिसरी, उन्हाची. दर हजार मीटरमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांतील ऐंशी टक्क्यांपर्यंत किरणे परत फेकतो. म्हणजे ऊन वरूनही लागते आणि खालूनही. मी कपाळाला, गालांना मलम लावले होते, पण हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांना लावायचे विसरलो. नेमके तेच भाग भाजले.

सौभाग्यवती स्कीइंग करत नाहीत. त्या गावातल्या गल्ल्यांतून फिरत, दुपारी रोपवेने प्लां मेझाँला येऊन आमच्याबरोबर जेवत. मक्याच्या रव्याची घट्ट उकड म्हणजे पोलेंटा, त्यात वितळलेले स्थानिक फोंतिना चीज. शाकाहारी मंडळींची तेथे मुळीच उपासमार होत नाही. दुसऱ्या रात्री जेवताना मी उत्साहात वाइनचे दोन पेले घेतले. "अहो, पाणी प्या आधी," हे सौभाग्यवतींचे शब्द ऐकले आणि सोडून दिले.

तिसऱ्या दिवशी

तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती डोकेदुखीने. झोप तुटक झाली होती. चहाही नकोसा वाटत होता. मी न्हाणीघरात जाऊन पॅरासिटामॉलची गोळी घेतली आणि कोणाला काही सांगितले नाही. त्या दिवशी प्लातो रोझाला जाऊन तेथून गावापर्यंत येणारी व्हेंतिना ही प्रसिद्ध लाल वाट उतरायची होती. वरच्या आणि खालच्या टोकांत १४३० मीटरचे अंतर. या वाटेचे चित्र मी सहा महिने मोबाइलच्या पडद्यावर ठेवले होते.

केबल कारमधून बाहेर पडलो तेव्हा समोर इटली आणि स्वित्झर्लंडची सीमा होती, दूर पश्चिमेला माँ ब्लाँ चकाकत होता, आणि मला मळमळत होते. बूट घट्ट करायला खाली वाकलो तर डोके फुटेल असे वाटले. उभा राहिलो तेव्हा दम लागला होता. कन्या काही क्षण माझ्याकडे पाहत राहिली.

"बाबा, डोकं दुखतंय का?"

"थोडंसं. उन्हाने असेल."

"सकाळी गोळी घेतलीत ना? पाकिटाचा आवाज आला मला."

मी काही बोललो नाही. खिशात ऑक्सिमीटर होता, सवयीने बरोबर घेतलेला. गार बोटावर तो भलतेच आकडे दाखवतो, म्हणून हात काखेत धरून बोट गरम केले. आकडा ८१ आणि ८३ च्या दरम्यान फिरत राहिला. कन्येच्या बोटावर तोच ऑक्सिमीटर ८९ दाखवत होता.

"तुमच्या पेशंटला तुम्ही काय सांगितलं असतं?" तिने विचारले.

या प्रश्नासरशी मला आमच्या भागातील एक गृहस्थ आठवले. तीन वर्षांपूर्वी ते कुटुंबासह विमानाने लेहला गेले. पहिल्याच रात्री डोके दुखू लागले, पण सहलीचा बेत बिघडू नये म्हणून त्यांनी ते सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी गाडीने आणखी उंच खिंडीत गेले आणि त्या रात्री फुफ्फुसांत पाणी साठून रुग्णालयात दाखल व्हावे लागले. ते वाचले. परत आल्यावर तपासणीसाठी माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना चांगलेच रागावलो होतो. "दोन शब्द बोलायला काय हरकत होती?" असे विचारले होते. त्यांनी खाली मान घालून उत्तर दिले होते, "सगळ्यांचे पैसे भरले होते, डॉक्टर."

आता प्लातो रोझावर उभा राहून मीही मनात तेच म्हणत होतो. इतक्या दूर आलो. पैसे भरले. वाट तर सोपी आहे. केवळ उतरायचेच आहे.

मी बूट सैल केले. आम्ही दोघे पट्ट्या हातात घेऊन त्याच केबल कारने, मग पुढच्या दोन रोपवेंनी, पाळण्यात बसून गावात उतरलो. वर येणारे पाळणे माणसांनी भरलेले आणि खाली जाणारा आमचा पाळणा रिकामा. खोटे कशाला बोलू, फार लाज वाटली. तेव्हा वाटले की डोकेदुखी दडवणाऱ्या माझ्या सर्व रुग्णांना मी आजवर नीट समजून घेतलेच नव्हते. भीती आजाराची नसते. इतरांचा दिवस आपल्यामुळे वाया जाईल, याची असते.

शरीरात काय घडते

उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही. ते सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. चेर्विनिया गावात तो समुद्रसपाटीच्या जेमतेम चार-पंचमांश असतो आणि प्लातो रोझावर सुमारे दोन-तृतीयांश. म्हणजे मुंबईत एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या दोन-तृतीयांशच वर मिळतो. शरीर श्वासाचा वेग आणि नाडीचे ठोके वाढवून ही तूट भरू पाहते. खरे जुळवून घ्यायला मात्र त्याला दिवस लागतात.

हे जुळवून घेणे मागे पडले की उंचीचा आजार होतो. डोकेदुखी हे त्याचे मुख्य लक्षण, आणि तिच्यासोबत मळमळ, थकवा, चक्कर यांपैकी काहीतरी. बहुतेकांना तो २५०० मीटरच्या वर होतो, पण काहींना त्याखालीही होऊ शकतो. कोणाला होईल हे वय, प्रकृती किंवा व्यायामाची सवय यांवरून सांगता येत नाही. धडधाकट तरुणालाही होतो. माझी डोकेदुखी उंचीची होती, पाणी कमी पडल्याची होती की वाइनची, हे त्या क्षणी कोणताही डॉक्टर सांगू शकला नसता. म्हणूनच नियम असा आहे की उंचीवर दुखणारे डोके, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत, उंचीमुळेच दुखते आहे असे समजावे. लक्षणे असताना आणखी वर जाऊ नये. विश्रांतीने कमी झाले नाही, तर खाली उतरावे. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागणे, खोकला, तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही गंभीर आजाराची चिन्हे आहेत. ती दिसताच क्षणही न दवडता खाली न्यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

माझ्या चुका मोजल्या तर बऱ्याच निघाल्या. मुंबईहून रात्रीचा विमानप्रवास करून आलो आणि त्याच दिवशी तोरिनोहून, म्हणजे सुमारे २४० मीटर उंचीवरून, थेट २०५० मीटरवर जाऊन झोपलो. मध्ये एक रात्र खालच्या आओस्ता शहरात काढता आली असती. पाणी कमी प्यालो, मद्य घेतले, आणि लक्षण गोळीने झाकून वर गेलो. गोळी डोकेदुखी कमी करते, प्राणवायू वाढवत नाही.

व्हेंतिना

तिसरा दिवस झोपण्यात, सूप आणि पाणी पिण्यात गेला. चौथ्या दिवशी डोके शांत होते. तरीही गावातच हिंडलो. पाचव्या दिवशी प्लां मेझाँच्या ओळखीच्या निळ्या वाटांवर अर्धा दिवस काढला. सहाव्या दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर कन्येने सरळ विचारले, "डोकं? झोप? भूक?" तिन्हींची उत्तरे मी खरी दिली आणि आम्ही प्लातो रोझाला गेलो.

व्हेंतिनाचा वरचा भाग हिमनदीवरून जातो. तेथे उतार इतका सैल आणि पसारा इतका मोठा आहे की माणूस आपोआप लांब, गोल वळणे घेऊ लागतो. थंडी बोचरी, पण वारा नव्हता. सात-आठ वळणे घ्यायची, वाटेच्या कडेला वरून येणाऱ्यांना दिसेल अशा जागी थांबायचे, श्वास पूर्ववत झाला की पुढे निघायचे, असे ठरवले होते. वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळावे, हा जगभरच्या उतारांवरचा नियम आहे. थांबणाऱ्याने आडोशाला किंवा अरुंद जागी थांबू नये, हाही.

जसजसे खाली आलो, तसतसे खडक दिसू लागले, बर्फ मऊ झाला, आणि उजव्या बाजूला चेर्विनो कधी पूर्ण, कधी अर्धा दिसत राहिला. वर असताना जड वाटणारा श्वास हलका होत गेला आणि हलक्या वाटणाऱ्या मांड्या जड होत गेल्या. शेवटच्या टप्प्यात दोन ठिकाणी मऊ ढिगाऱ्यांत अडखळून एकदा बसलो. खटका वेळेवर सुटला. अर्ज खरा भरल्याचे समाधान तेव्हा वाटले. गावाची घरे दिसू लागली तेव्हा अकरा वाजून गेले होते. तरुण मंडळी ज्या वाटेला वीस मिनिटे लावतात, तिला आम्ही दीड तास लावला. खाली सौभाग्यवती बाकावर उन्हात बसल्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहिले.

जाणार असाल तर

आपल्याकडून आल्प्सला किंवा गुलमर्ग, औलीला स्कीइंगसाठी जाणारी कुटुंबे वाढत आहेत. त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो.

निघण्यापूर्वी निदान सहा ते आठ आठवडे पायांची तयारी करावी. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्याप्रमाणे राहणे, उठाबशा, जिने सावकाश उतरणे, एका पायावर तोल धरणे, हे पुरेसे आहे. गुडघ्याच्या दुखापती या खेळात सर्वाधिक होतात, आणि आतल्या मुख्य अस्थिबंधाची इजा स्त्रियांना तुलनेने अधिक होते.

चाळिशीपुढच्या सर्वांनी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. रक्त कमी असेल तर उंचीवर ते दुहेरी महाग पडते. छातीत दुखणे, नुकताच झालेला हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब असेल तर हा बेत पुढे ढकलावा. दमेकऱ्यांनी पंप अंगाजवळच्या खिशात ठेवावा, कारण गार हवेत धावपळ केल्याने दमा उसळतो. इन्सुलिन गोठले की निकामी होते आणि साखर मोजण्याचे यंत्र थंडीत चुकते. दोन्ही आतल्या खिशात असावीत. उंचीसाठीची औषधे असतात, पण ती सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

डोळ्यांना अतिनील किरण रोखणारा चष्मा हवाच. बर्फावरच्या उन्हाने डोळ्यांच्या बाहुलीवरचा पडदा भाजतो आणि त्याची वेदना सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, सुरू होते. हेल्मेट वापरावे. इटलीत २०२५च्या हिवाळ्यापासून ते सर्व वयांना सक्तीचे आहे, आणि आपल्यामुळे दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा २०२२पासून. पडताना काठी मुठीत आवळून धरू नये, अंगठा मुरगळतो. अपघात दिसला तर जखमीच्या वरच्या बाजूला दोन पट्ट्या फुलीसारख्या रोवाव्यात आणि ११२ क्रमांक फिरवावा. दुपारी तीननंतर "शेवटची एक फेरी" हा मोह टाळावा. तेव्हा बर्फ आणि पाय दोन्ही थकलेले असतात.

आणि पाळण्यात बसून खाली येण्याची लाज बाळगू नये. ती सोय प्रत्येक दिवशी, प्रत्येकासाठी आहे.

परत आल्यावर माझ्या दवाखान्यात एक छोटा बदल झाला आहे. लेहला किंवा आल्प्सला निघालेले कुटुंब सल्ल्यासाठी आले की मी औषधे लिहितो, तपासण्या सांगतो. मग सर्वांना एकत्र बसवून आणखी एक प्रश्न विचारतो: "त्रास झाला तर तुमच्यापैकी कोण कोणाला सांगणार?" थोडा वेळ सगळे एकमेकांकडे पाहतात. नाव ठरल्याशिवाय मी त्यांना उठू देत नाही.